तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक आणि १०५ ची वेस

१५ ऑक्टोबर १९९४, शनिवार. कॅन्सस राज्यातल्या मॅनहॅटन गावात नेब्रास्का विद्यापीठाचा फुटबॉल संघ कॅन्सस स्टेटशी खेळायला उतरला, तेव्हा त्यांचा पहिला क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईत चेंडू हाती घेऊन डाव चालवणारा खेळाडू, टॉमी फ्रेझर पायातल्या रक्ताच्या गुठळ्यांमुळे संघाबाहेर होता. त्याच्या जागी आलेल्या ब्रुक बेरिंजरचं फुप्फुस आदल्या सामन्यांमध्ये मार लागून आकसलं होतं. मग सुरुवातीपासून खेळायला उभा राहिला मॅट टर्मन. नेब्रास्कातल्याच वाहू नावाच्या छोट्या गावचा हा मुलगा. त्याला शिष्यवृत्ती नव्हती. फी स्वतःची, पुस्तकं स्वतःची, आणि संघात जागा मिळेलच याची हमी कुणीच दिलेली नाही. समोर देशातल्या पहिल्या पंचवीसात गणला जाणारा संघ, तोही त्यांच्या घरच्या मैदानावर. नेब्रास्काने सामना १७–६ असा जिंकला. नंतर बेरिंजर गरजेपुरता आत आला, बराचसा भार धावणाऱ्या खेळाडूंनी आणि बचावफळीने उचलला. टर्मनने काही पराक्रम गाजवला असं नाही. त्याने घाण केली नाही, एवढंच. आणि त्या दिवशी तेवढंच हवं होतं. तो हंगाम नेब्रास्काने १३–० असा, एकही सामना न हरता, संपवला, मायामीला ऑरेंज बोल या हंगामानंतरच्या मानाच्या सामन्यात २४–१७ हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं.

या प्रकरणात मला विजेतेपदापेक्षा टर्मनमध्ये रस आहे. तिसऱ्या नंबरचा, फुकट खेळणारा मुलगा एवढ्या मोठ्या सामन्यात गडबडला कसा नाही? आणि असा मुलगा संघात ठेवायला मोठं रोस्टर, म्हणजे संघातल्या खेळाडूंची मोठी यादी, लागत असेल, तर २०२५ पासून अमेरिकेच्या मोठ्या कॉलेज संघांवर आलेल्या १०५ खेळाडूंच्या मर्यादेनंतर त्याचं काय होणार?

आधी थोडी पार्श्वभूमी. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून लंबगोल चेंडूने खेळायचा अमेरिकन फुटबॉल. मैदानात एका बाजूचे ११ जण असतात, पण चढाईचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे, शिवाय किक मारणारे वेगळे. प्रत्येक जागेला एक बदली धरला की ४४ झाले. जखमा इतक्या होतात की आणखी थोडे हवेतच. एनएफएलचे व्यावसायिक संघ ५३ जणांत आणि सरावापुरत्या ठेवलेल्या आणखी काही जणांत भागवतात. मग कॉलेजांना शंभरावर, कधी दीडशेवर मुलं कशाला हवीत, हा प्रश्न अमेरिकेतही दर काही वर्षांनी कुणीतरी विचारतंच.

उत्तर असं की एनएफएलला तयार माल मिळतो, कॉलेजला कच्चा. १८ वर्षांचा मुलगा येतो, २२-२३ व्या वर्षी जातो. मधल्या काळात त्याची उंची एखाद इंच, वजन दहा-पंधरा किलो वाढतं, आणि कधीकधी तो ज्या जागेवर खेळायला आला होता ती जागाही बदलते. कोण पिकेल आणि कोण हिरवाच राहील, हे अठराव्या वर्षी सांगणं कोचला जमत नाही. मोठं रोस्टर म्हणजे या अज्ञानावरचा विमा.

हा विमा फुकटात मिळतो तो वॉक-ऑन मुलांमुळे. वॉक-ऑन म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय संघात आलेला. कोल्हापूरच्या तालमीत गावाकडून आलेला पोरगा स्वतःचा खुराक स्वतः बघतो, जोर-बैठका सगळ्यांबरोबर मारतो आणि वस्तादाची नजर आपल्यावर कधी पडते याची वाट बघतो. साधारण तशातलाच हा प्रकार. खुराकाचं साम्य तर शब्दशः आहे. २०१४ पर्यंत एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या नियमांप्रमाणे शिष्यवृत्ती नसलेल्या खेळाडूला संघाच्या भोजनगृहात फुकट जेवू घालता येत नसे. त्या वर्षी नियम बदलला आणि सगळ्या खेळाडूंना पोटभर जेवण देण्याची मुभा मिळाली. म्हणजे टर्मनच्या काळात शेजारच्या टेबलावरचा शिष्यवृत्तीधारक आणि वॉक-ऑन एकाच सरावातून घामाघूम होऊन यायचे, पण ताटाचे पैसे एकालाच पडायचे.

मर्यादा कशा आवळत गेल्या

१९७३ पूर्वी देशपातळीवर शिष्यवृत्त्यांना मर्यादा नव्हती; काही कॉन्फरन्सचे, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांचे, स्वतःचे नियम होते तेवढेच. ज्याच्याकडे पैसा, तो पोरं गोळा करी. काही उपयोगासाठी, काही दुसऱ्याला मिळू नयेत म्हणून. या मोकळिकीचा शेवटचा मोठा फायदा पिट्सबर्गने घेतला. १९७२ मध्ये त्यांचा संघ १–१० असा हरला होता. नवे कोच जॉनी मेजर्स यांनी १९७३ च्या एकाच भरतीत सत्तरहून जास्त मुलं उचलली. त्यात टोनी डॉर्सेट होता. १९७६ मध्ये पिट्सबर्ग १२–० राहून राष्ट्रीय विजेता झालं, डॉर्सेटला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन पुरस्कार मिळाला. डॉर्सेट एकटाही पुरला असता असं कुणी म्हणेल, पण त्याच्यापुढे वाट मोकळी करणारी धिप्पाड पोरंही त्याच जत्रेतून निवडून आली होती.

एनसीएएने १९७३ मध्येच शिष्यवृत्त्यांवर १०५ ची मर्यादा घातली. १९७८ मध्ये ती ९५ झाली. पुढची कपात खर्च वाचवण्यासाठी होती: १९९२ ला ९२, १९९३ ला ८८, १९९४ ला ८५. मुलींच्या खेळांना समान वाटा देण्याचा टायटल नाइन कायदा १९७२ पासून होताच, आणि फुटबॉलच्या तोडीचा एवढ्या मुलींचा खेळ कुठल्याच कॉलेजात नसल्याने त्याचीही सावली या चर्चांवर होती.

या सगळ्या मर्यादा शिष्यवृत्तींवर होत्या, संघातल्या माणसांवर नव्हत्या. हंगामापूर्वीच्या कँपला किती जणांना बोलवायचं यावर बरीच वर्षं १०५ चं बंधन होतं, पण वर्ग सुरू झाले की बाकीची मुलं मैदानात येऊ शकत. ८५ च्या वर जेवढी मुलं स्वखर्चाने यायला तयार, तेवढी घ्या. नियम करणाऱ्यांना वाटलं, श्रीमंतांची साठेबाजी थांबली, मैदान सपाट झालं. बऱ्याच अंशी झालंही. पण ज्या विद्यापीठाकडे स्वखर्चाने यायला मुलांची रांग होती, त्याच्यासाठी ही कपात वरदान ठरली. इतरांचा साठा आटला. लिंकनमध्ये, म्हणजे नेब्रास्का विद्यापीठाच्या गावी, तो दीडशेच्या आसपासच राहिला. ८५ ची मर्यादा पूर्णपणे लागू झाली त्याच वर्षी, १९९४ मध्ये, नेब्रास्का विजेतं ठरलं, हा योगायोग मला पूर्ण योगायोग वाटत नाही.

लिंकनचा कारखाना

नेब्रास्का हे राज्य मक्याचं, गुरांचं आणि फार कमी माणसांचं. १९९० च्या जनगणनेत १५ लाख ७८ हजार लोक. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम जिल्ह्यापेक्षाही कमी. वरच्या पातळीचा कॉलेज फुटबॉल खेळणारं विद्यापीठ एकच. एनएफएलचा संघ एकही नाही. लिंकनच्या मेमोरियल स्टेडियमची तिकिटं नोव्हेंबर १९६२ पासून दर सामन्याला संपत आलेली आहेत. अशा राज्यात गावोगावच्या मुलांना लाल जर्सी एकदा तरी अंगावर घालायची असते, आणि त्यासाठी बाप शेतीतून फी भरायला तयार असतो. बाहेरच्या राज्यांत अशी वदंता होती की नेब्रास्का जिल्ह्याजिल्ह्याच्या नावाने छुप्या शिष्यवृत्त्या देतं. ती वदंताच. राज्यातल्या मुलाला सरकारी विद्यापीठाची फी परवडणारी होती, आणि हौस होती. यापलीकडे रहस्य नव्हतं.

पण हौशी पोरं दारात उभी असणं ही झाली भरती. त्यांचं पुढे काय करायचं, याचं उत्तर तिघांनी मिळून शोधलं.

बॉब डेव्हेनी १९६२ मध्ये मुख्य कोच म्हणून आले. त्यांच्याकडे त्याच सुमारास टॉम ऑस्बोर्न नावाचा तरुण कामाला लागला. हेस्टिंग्ज गावचा, तिथल्याच छोट्या कॉलेजात खेळलेला, मग थोडी वर्षं एनएफएलमध्ये काढलेला. शैक्षणिक मानसशास्त्रात डॉक्टरेट करत होता. पगार नव्हता, वसतिगृहात राहायचं, दांडगट खेळाडूंवर लक्ष ठेवायचं, त्या बदल्यात जेवण. म्हणजे वॉक-ऑन पद्धतीचा सगळ्यांत मोठा पुरस्कर्ता स्वतः वॉक-ऑन कोच होता म्हणा ना.

तिसरा बॉइड एपली. हा विद्यापीठाचा पोल व्हॉल्टपटू. पाठ दुखावली म्हणून वजनं उचलू लागला, आणि त्याच्यासारखं करावं म्हणून जखमी फुटबॉलपटू त्याच्या मागे वजनांच्या खोलीत जमू लागले. ती मुलं परतताना आधीपेक्षा दणकट होऊन येतात, हे ऑस्बोर्नच्या ध्यानात आलं. त्या काळी कोचांची पक्की समजूत होती की वजनं उचलली की खेळाडू जड होतो, मंदावतो. डेव्हेनींनी एपलीला १९६९ मध्ये ठेवून घेतलं, पण कुणी मंदावलेला दिसला तर तुझी नोकरी गेली असा दमही भरला, असा किस्सा एपली पुढे सांगत. नोकरी टिकली. डेव्हेनींनी १९७० आणि १९७१ ची विजेतेपदं घेतली. एपलीने १९७८ मध्ये ताकद-प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना उभी केली, आणि आज प्रत्येक संघाकडे असा प्रशिक्षक असतो.

एपलीचं खरं वैशिष्ट्य मोजमापात होतं. प्रत्येक मुलाची धाव, उंच उडी, उचललेलं वजन वेळोवेळी मोजायचं, नोंदवायचं, सगळ्यांना दिसेल असं लावायचं. वॉक-ऑन मुलासाठी याचा अर्थ मोठा होता. कोच तुमच्याकडे बघत नसेल, पण भिंतीवरचा आकडा बघतो. शिष्यवृत्तीधारक आळसावला आणि ब्रेनार्डचा शेतकऱ्याचा पोरगा पुढे गेला, तर ते लपून राहत नसे.

ब्रेनार्ड हे नाव मी उगीच घेतलेलं नाही. काहीशे वस्तीच्या या गावातून मकोविका घराण्याचे चार भाऊ एकामागून एक वॉक-ऑन म्हणून लिंकनला गेले. थोरला जेफ १९९० च्या दशकाच्या मध्यावरच्या विजेत्या संघात फुलबॅक होता, त्यानंतर जोएल त्याच जागेवर आला आणि १९९९ मध्ये ॲरिझोनाने त्याला एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, चौथ्या फेरीत उचललं. फुलबॅकचं काम बिनकौतुकाचं: पुढे धावायचं, समोरच्याला अंगावर घ्यायचं आणि मागच्याला वाट द्यायची. अशा जागेसाठी गावच्या दणकट पोराला चार वर्षं घडवणं शक्य असतं. इंडियानाहून आलेला जॅरेड टोमिच हा दुसरा नमुना. तोही वॉक-ऑन, दोनदा ऑल-अमेरिकन (देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक) झाला आणि १९९७ च्या ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत न्यू ऑर्लिन्सने घेतला. त्याच्या आधी, १९७७ मध्ये, साउथ कॅरोलायनाहून न बोलावता आलेल्या आय. एम. हिपने इंडियानाविरुद्ध एकाच सामन्यात २५४ यार्ड धाव घेतली होती.

आता मूळ मुद्द्याकडे. दीडशे मुलं जमवली आणि एकाच मैदानात एकाच संचाचा सराव घेतला, तर उरलेली शंभर पोरं हात बांधून उभी राहतात. खेळाडू बघून शिकत नाही, करून शिकतो. कोच मंडळींच्या तोंडी यासाठी एकच शब्द असतो: रेप. एक डाव एकदा खेळणं म्हणजे एक रेप. डेव्हेनींनंतर मुख्य कोच झालेल्या ऑस्बोर्नच्या सरावात एकाच वेळी चार ठिकाणी डाव चालायचे. पहिला संच एकीकडे, दुसरा दुसरीकडे, आणि तिसऱ्या-चौथ्या संचालाही स्वतःची जागा, स्वतःचा कोच, स्वतःचे डाव.

हिशेब करून बघू. समजा सांघिक सरावाला तास मिळाला आणि दर अर्ध्या मिनिटाला एक डाव झाला. एकाच ठिकाणी सराव असेल तर १२० रेप. पहिल्या संचाला ७०, दुसऱ्याला ४०, तिसऱ्याला उरलेले १०, चौथ्याला पाण्याच्या बाटल्या. तोच तास चार ठिकाणी वाटला तर प्रत्येक संचाला शंभरच्या आसपास. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण तिसऱ्या नंबरच्या क्वार्टरबॅकला दहाऐवजी शंभर रेप मिळणं म्हणजे काय, ते मॅनहॅटनच्या त्या शनिवारी दिसलं. टर्मनने जे डाव टाकले ते त्याने हजारदा टाकलेले होते.

इथे आणखी एक नियम आठवायला हवा. १९९१ मध्ये एनसीएएने हंगामात आठवड्याला २० तासांची कमाल मर्यादा घातली. वेळ सगळ्यांना सारखाच. तो वेळ किती मुलांमध्ये एकदम खर्ची पडतो, एवढाच फरक उरला. चार ठिकाणी सराव घ्यायचा तर चार चढाईचे आणि चार बचावाचे संच लागतात, म्हणजे ८८ जण नुसते डाव मांडायलाच. जखमी वेगळे, किकर वेगळे. म्हणून दीडशे. मोठं रोस्टर आणि चार ठिकाणचा सराव ही दोन वेगळी धोरणं नव्हती. एकाशिवाय दुसरं लंगडं होतं.

त्यात भर रेडशर्टची. पहिलं वर्ष सामन्यात उतरायचं नाही, फक्त सराव. त्या बदल्यात पाच वर्षांत चार हंगाम खेळायला मिळतात. लिंकनमध्ये वॉक-ऑन मुलगा पहिली दोन-तीन वर्षं दिसायचाच नाही आणि चौथ्या वर्षी अचानक काळ्या जर्सीत उभा. बचावफळीच्या पहिल्या संचाला सरावात काळी जर्सी मिळते, त्यांना ब्लॅकशर्ट्स म्हणतात. ही प्रथा १९६० च्या दशकापासूनची. ती जर्सी शिष्यवृत्ती बघून मिळत नसे.

आणि डावांची पद्धतही याला साजेशी होती. ऑप्शन (चेंडू स्वतः न्यायचा की दुसऱ्याला द्यायचा, हे क्वार्टरबॅकने धावता धावता ठरवायचं) आणि धावण्यावर आधारलेला खेळ, पासिंग कमी. थोडे डाव, पण घोटून घोटून. १९९५ चा संघ सामन्यामागे सुमारे ४०० यार्ड नुसता धावत होता. या खेळाला पहिल्या दिवसापासून दैवी प्रतिभा लागत नाही. लागतं ते पाय रोवून पुढच्याला ढकलणं आणि शिस्त. ती चार वर्षांत शिकवता येते. १९९३ ते १९९७ या पाच हंगामांत नेब्रास्काची कामगिरी ६०–३.

तेच रोस्टर, वेगळा निकाल

इथवर वाचून वाटेल, पोरं वाढवा आणि जिंका. नेब्रास्काचाच पुढचा इतिहास ते खोडून काढतो.

ऑस्बोर्न १९९७ नंतर निवृत्त झाले. २००४ मध्ये आलेल्या बिल कॅलहन यांनी पासिंगचा आधुनिक खेळ आणला आणि वॉक-ऑनची संख्या आटोपती घेतली. पहिल्याच वर्षी ५–६; १९६१ नंतरचा पहिला तोट्याचा हंगाम. जुन्या मंडळींनी लगेच निदान केलं: वॉक-ऑन गेले, म्हणून वैभव गेलं. निदान सोयीचं होतं. पण तोवर बाकी बरंच काही बदललं होतं. एपलीचं शास्त्र सगळ्या देशाने उचललं होतं. १९९६ मध्ये बिग १२ या नव्या कॉन्फरन्समध्ये गेल्यावर, शैक्षणिक पात्रता अपुरी असलेली मुलं घेण्यावर नेब्रास्काला न मानवणारी बंधनं आली. टीव्हीवर प्रत्येक संघ दिसू लागला होता, त्यामुळे लिंकनचं अप्रूप कमी झालं होतं.

खरी परीक्षा २०१८ मध्ये झाली. १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक स्कॉट फ्रॉस्ट मुख्य कोच म्हणून परतला. त्याने वॉक-ऑनची दारं पुन्हा सताड उघडली, रोस्टर पुन्हा फुगलं, गावोगाव आनंद झाला. २०२२ च्या हंगामात त्याला काढलं तेव्हा त्याची एकूण कामगिरी १६–३१ होती.

माझ्या मते प्रकरणाचा हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा, आणि लिंकनबद्दल हळवं होऊन लिहिणारे नेमका तोच पटकन उरकतात. फ्रॉस्टने संख्या परत आणली. संख्येभोवतीची व्यवस्था परत आणता येण्यासारखी राहिलीच नव्हती. वेगवान पासिंगच्या खेळात चौथ्या संचाने शिकायचे डाव वेगळे, जागा वेगळ्या, शरीरं वेगळी. शिवाय पाच वर्षं थांबणारा मुलगा आता थांबतो कशाला? २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, आलं, २०२१ मध्ये एकदा कॉलेज बदलल्यावर वर्षभर बाहेर बसण्याची अट गेली. दुसऱ्या संचात चमकणारा पोरगा तिसऱ्या वर्षापर्यंत दुसरीकडे पहिल्या संचात गेलेला असतो.

तुलनेला एक अगदी वेगळं टोक घेतो. मिनेसोटातलं सेंट जॉन्स, तिसऱ्या विभागातलं छोटं कॉलेज, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसतेच. जॉन गॅग्लिआर्डी यांनी तिथे १९५३ ते २०१२ कोचिंग केलं आणि एकूण ४८९ विजयांवर थांबले; कॉलेज फुटबॉलमध्ये याहून जास्त कुणाचे नाहीत. त्यांच्याकडे कुणाला संघातून काढत नसत. दीडशेच्या वर मुलं. आणि सरावात टॅकलिंग बंद! कोणी कोणाला आडवं पाडायचं नाही. वरवर हा वेडेपणा. पण टॅकलिंग नाही म्हणजे जखमा कमी, म्हणजे सराव लवकर पुढे सरकतो, म्हणजे दीडशे मुलांना काहीतरी करायला मिळतं. ऑस्बोर्नच्या चार जागा आणि गॅग्लिआर्डींचं टॅकलिंग न करणं, दोन्हींच्या मागे प्रश्न एकच: शंभराव्या मुलाला आज किती रेप मिळाले?

१०५

आता २०२५. माजी खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या ‘हाउस’ खटल्यातली तडजोड न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी ६ जून २०२५ ला मंजूर केली. जुन्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलरची भरपाई दहा वर्षांत, आणि विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे देण्याची परवानगी, पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. या बदल्यात शिष्यवृत्त्यांची ८५ ची मर्यादा गेली आणि तिच्या जागी माणसांवरची मर्यादा आली: फुटबॉलला १०५. सगळ्या १०५ जणांना शिष्यवृत्ती द्यायची तर द्या. वाढीव शिष्यवृत्त्यांपैकी २५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम त्या २ कोटी ५ लाखांतूनच वजा होते.

कागदावर ही वाढ दिसते. ८५ चे १०५ झाले. वॉक-ऑनच्या बाजूने बघितलं तर दार बंद झालं. अनेक मोठ्या संघांत १२० च्या वर मुलं होती. लिंकनमध्ये दीडशेच्या आसपास. शिष्यवृत्तीच्या मर्यादेत जी फट होती, जिच्यातून चार मकोविका आत आले, ती बुजली.

तडजोडीच्या सुनावणीत सगळ्यांत जास्त आक्रोश झाला तो याच मुद्द्यावर, आणि तो फुटबॉलपुरता नव्हता. पोहणारे, धावणारे, सगळ्या खेळांतली मुलं होती. मंजुरी यायच्या आधीच कित्येक संघांनी मुलांना नारळ दिला होता. विल्केन यांनी एप्रिलमध्ये मंजुरी अडवून धरली आणि या मुलांचं काहीतरी करा असं बजावलं. मग मार्ग निघाला: मर्यादेमुळे ज्यांची जागा गेली किंवा जाणार होती, त्यांची यादी कॉलेजांनी द्यायची, ती मुलं कुठल्याही कॉलेजात गेली तरी १०५ मध्ये मोजायची नाहीत. पण त्यांना परत घ्यायचं की नाही, हे कॉलेजाच्या मर्जीवर. ज्या कोचने मार्चमध्ये तुम्हाला काढलं, त्याच्याच दारात जुलैमध्ये जायचं. किती जण गेले असतील, याची कल्पना वाचकाने करावी.

नेब्रास्काचे सध्याचे कोच मॅट रूल हे टेम्पल आणि बेलर विद्यापीठांत कच्ची मुलं घडवण्याबद्दल नावाजलेले. २०२३ मध्ये आल्यावर त्यांनी मोठं रोस्टर ठेवलं आणि २०२४ मध्ये नेब्रास्काला २०१६ नंतरचा पहिला बोल सामना मिळवून दिला, बॉस्टन कॉलेजला २०–१५ असं हरवून. त्यांनाही आता १०५ च्या आत बसायचं आहे.

१०५ मध्ये सराव कसा बसतो ते बघा. हंगामाच्या मध्यावर पंधरा-वीस जण जखमी असणं नेहमीचं. उरले ८५-९०. त्यातून पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे डाव नक्कल करून दाखवणारी स्काउट टीम काढायची. पूर्वी हे काम वॉक-ऑन करायचे; आता शिष्यवृत्तीवरची पहिल्या वर्षाची पोरं करणार. त्यांना दणके भरपूर मिळतील, पण स्काउट टीमवरचा रेप म्हणजे दुसऱ्याचा धडा गिरवणं. स्वतःच्या संघाचे डाव शिकायला चौथी जागा, चौथा कोच उरत नाही. ऑस्बोर्नची पद्धत १०५ मध्ये मांडताच येत नाही. तिसऱ्या जागेपर्यंत ओढूनताणून.

वॉक-ऑन पद्धतीच्या बाजूने बोलणारे नेहमी पुढे गाजलेल्या वॉक-ऑन खेळाडूंच्या नावांची माळ ओढतात: बेकर मेफिल्ड, जे. जे. वॉट, हंटर रेनफ्रो, स्टेटसन बेनेट. या माळेत दोन जातीचे मणी आहेत. मेफिल्ड टेक्सस टेकमध्ये वॉक-ऑन म्हणून पहिल्याच वर्षी खेळला. तो पिकलेलाच होता, बघणाऱ्यांचे डोळे चुकले होते. असा मुलगा १०५ च्या जगातही कुठेतरी वर येईल. वॉटची गोष्ट वेगळी. सेंट्रल मिशिगनची शिष्यवृत्ती सोडून तो विस्कॉन्सिनला वॉक-ऑन गेला, २००८ चं अख्खं वर्ष स्काउट टीमवर काढलं, चढाईतल्या टाइट एंडचा बचावातला एंड झाला आणि २०११ च्या ड्राफ्टमध्ये अकरावा निवडला गेला. विस्कॉन्सिनची ही पद्धत बॅरी अल्वारेझ यांनी रुजवली होती, आणि अल्वारेझ स्वतः डेव्हेनींच्या हाताखाली लिंकनमध्ये खेळलेले. १०५ मुळे अडणार तो वॉटच्या जातीचा मुलगा, ज्याला दोन वर्षं कुणी न मोजता ठेवून घ्यावं लागतं.

पण तो नाहीसा होईल असं मला वाटत नाही. तो खाली सरकेल. वाहू किंवा ब्रेनार्डचा पुढचा पोरगा आता लिंकनला न जाता कर्नीला दुसऱ्या विभागात जाईल, किंवा डोन, हेस्टिंग्ज, मिडलंड अशा छोट्या कॉलेजांत, जिथे रोस्टर अजून ऐसपैस असतात. तिथे तीन वर्षं खेळेल, वीस किलो वाढेल, आणि मग पोर्टलमधून लिंकनमध्ये बावीस वर्षांचा, तयार, पगारी खेळाडू म्हणून येईल. मोठ्या संघाच्या दृष्टीने हा सौदा स्वस्त आहे: घडवण्याचा खर्च दुसऱ्याचा, वापर आपला. ऑस्बोर्न ज्या हेस्टिंग्ज कॉलेजात खेळले, तिथलं काम वाढणार आणि तिथून तयार पोरं दरवर्षी उचलली जाणार. त्या कॉलेजांना याचा मोबदला कोण देणार, यावर तडजोडीच्या करारात एक ओळही नाही.

सवलत मिळालेल्या मुलांचा नियमही लक्षात घेण्यासारखा आहे. ती सवलत जागेला नाही, मुलाला आहे; त्याची खेळण्याची वर्षं संपली की तीही संपते. २०२५ च्या हंगामासाठी निवडलेला, पण मर्यादेमुळे जागा गेलेला आणि रेडशर्ट घेतलेला मुलगा साधारण २०२९ पर्यंत खेळेल. म्हणजे त्या वर्षीच्या शेवटच्या सामन्याला, नोव्हेंबरच्या थंडीत, लिंकनच्या मैदानाच्या कडेला एखादा मुलगा १०५ च्या बाहेरचा म्हणून उभा असेल, आणि त्याच्यामागे कुणीही नसेल.